संताच्या चित्रातला वेडा

चित्रकलेचा माझा अभ्यास नाही. सेमिनरीत असताना ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला इटलीतील थोर चित्रकारांची नावे कानावर पडली, परीक्षेपुरती पाठ झाली आणि पुढे धर्मग्रामाच्या रगाड्यात विसरूनही गेली. तरीही एका चित्रकाराने आणि त्याच्या पाळीव जनावरांनी गेली कित्येक वर्षे माझा पिच्छा पुरवला आहे. तो पाचशे वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेला. त्याच्यामुळे मला ज्याची आठवण झाली तो दुसरा चित्रकार मात्र आपल्याच मातीतला, वसईच्या एका वाडीत राहणारा होता. पहिल्याची ओळख मला फार उशिरा झाली. दुसऱ्याची ओळख असूनही मी ती ठेवली नाही. त्या दोघांची ही हकिकत आहे, आणि खरे सांगायचे तर माझीही.

२०१४ साली एका छोट्या अभ्यासक्रमासाठी मी रोममध्ये होतो. सुट्टीच्या दिवसांत आम्ही काही धर्मगुरू सिएना शहरी संत कॅथरिनच्या दर्शनाला गेलो. तेथील संत डोमिनिकच्या महामंदिरात संत कॅथरिनला समर्पित एक छोटे प्रार्थनामंदिर आहे. प्रभूच्या जखमांचा प्रसाद मिळाल्यानंतर मूर्च्छित होऊन दोघी भगिनींच्या हातांवर विसावलेली कॅथरिन तेथल्या भिंतीवर चितारलेली आहे. ते चित्र पाहताना आपोआप आवाज खाली येतो. चित्र १५२६ सालचे. चित्रकाराचे नाव जोव्हान्नी आंतोनियो बाझ्झी. बरोबरच्या एका इटालियन धर्मगुरूने किंचित हसून सांगितले, “याला या नावाने कोणी ओळखत नाही. उद्या आपण मठात जाऊ, तिथे हा तुम्हाला प्रत्यक्ष भेटेल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मोंते ओलिव्हेतो माज्जोरे या मठाकडे निघालो. सिएनाच्या दक्षिणेला तीस-पस्तीस किलोमीटरवर राखी मातीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांचा प्रदेश लागतो. पावसाने धुपून त्या मातीला घळी पडलेल्या आहेत. मग एकाएकी सुरूसारख्या उंच सायप्रस वृक्षांची दाट राई येते आणि तिच्या आत लाल विटांचा मठ उभा असतो. सिएनाच्या सधन तोलोमेई घराण्यातला बेर्नार्दो १३१३ साली घरदार सोडून आपल्या सोबत्यांसह या रानात आला आणि संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे राहू लागला. पुढे १३४८ च्या प्लेगमध्ये तो मठाची सुरक्षित टेकडी उतरून सिएनात आपल्या आजारी बंधूंची सेवा करावयास गेला आणि तेथेच त्याचा अंत झाला. त्याला संतपद मिळाले ते २००९ साली. ख्रिस्तसभा कधीकधी घाई करीत नाही ती अशी.

मठात एक मोठे चौकोनी अंगण आहे आणि त्याच्या चारही बाजूंनी ओसरी. ओसरीच्या भिंतींवर संत बेनेडिक्टचे चरित्र तीसहून अधिक चित्रांत रंगवलेले आहे. ओल्या गिलाव्यावर, तो वाळण्यापूर्वी रंग भरायचा, ही त्या काळची पद्धत. रंग गिलाव्यात मुरतो आणि भिंतीचाच होऊन जातो. या कामाला १४९७ मध्ये लुका सिन्योरेल्ली या नामवंत चित्रकाराने सुरुवात केली. पण काही चित्रे झाल्यावर त्याला ओर्व्हिएतोच्या कॅथिड्रलचे मोठे काम मिळाले आणि तो निघून गेला. उरलेल्या भिंती काही वर्षे कोऱ्या राहिल्या. १५०५ साली मठाने त्या एका तरुणाच्या हवाली केल्या. हा तरुण उत्तरेकडच्या व्हेर्चेल्ली गावच्या चांभाराचा मुलगा, वय अठ्ठावीस. हाच तो बाझ्झी. तीन वर्षांत त्याने पंचवीसहून अधिक चित्रे पुरी केली.

सुरुवातीच्याच एका चित्रासमोर आमचा वाटाड्या थांबला. पांढऱ्या झग्यातला, सत्तरीकडे झुकलेला तो मठवासी होता. प्रसंग संत बेनेडिक्टच्या पहिल्या चमत्काराचा. संत ग्रेगरी महान यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या चरित्रात तो आला आहे. बेनेडिक्ट रोमचे शिक्षण सोडून निघाला तेव्हा त्याची दाई त्याच्याबरोबर होती. एके दिवशी तिने शेजारणीकडून गहू निवडायचे पात्र मागून आणले. आपण सूप म्हणू. ते तिच्या हातून निसटून पडले आणि दुभंगले. उसनी आणलेली वस्तू मोडली म्हणून ती बाई रडू लागली. तिचे रडणे पाहून त्या कोवळ्या मुलालाही रडू आले. ते दोन तुकडे घेऊन तो प्रार्थनेला बसला, आणि उठला तेव्हा सूप अखंड होते. गावकऱ्यांनी ते चर्चच्या दारावर टांगून ठेवले आणि पुढे कित्येक वर्षे ते तेथेच होते.

किती लहानसा चमत्कार! कोणी मेलेला उठला नाही, कोणी आंधळा डोळस झाला नाही. एका गरीब बाईचे उसने आणलेले सूप सांधले गेले, एवढेच. मी हे मनाशी म्हणत होतो तोच माझे लक्ष चित्राच्या दर्शनी भागात उभ्या असलेल्या एका माणसाकडे गेले. लांब केस, अंगावर उंची झगा, ऐटीत उभा. चमत्काराकडे त्याचे लक्षच नाही. तो थेट माझ्याकडे पाहत होता. त्याच्या पायांशी गळ्यात पट्टे घातलेले दोन प्राणी होते. युरोपात त्यांना बॅजर म्हणतात. ठेंगणे, केसाळ, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेले हे जनावर जमिनीत बिळे करून राहते आणि माणसाच्या वाऱ्यालाही उभे राहत नाही. जवळच एक डोमकावळा. “हा आमचा वेडा,” वाटाड्या म्हणाला, “आणि ही त्याची बिऱ्हाडातली मंडळी.”

चित्रकाराने आरशात पाहून स्वतःलाच संताच्या चरित्रात उभे केले होते, आणि तेही एकट्याला नव्हे. मठातले लोक त्याला ‘मात्ताचो’ म्हणत, म्हणजे वेडपट, वेडा पीर. त्या झग्याचीही गोष्ट आहे. मिलान प्रांतातला एक सरदार संन्यास घेण्यासाठी मठात आला. त्याच्या अंगावर काळ्या गोंड्यांचा पिवळा झगा होता. त्याने मठाची वस्त्रे धारण केल्यावर तो झगा कोणाला द्यायचा? मठाधिपतींनी तो या वेड्याला देऊन टाकला. वेड्याने तो अंगावर चढवला आणि तसेच स्वतःला भिंतीवर रंगवून ठेवले. एकाने त्यागलेले वैभव दुसऱ्याने मिरवले आणि मठाने दोन्ही गोष्टी पोटात घातल्या.

ही हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली ती जॉर्जो वासारी या ग्रंथकारामुळे. चित्रकारांच्या चरित्रांचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १५५० साली निघाला, आणि १५६८ च्या वाढवलेल्या आवृत्तीत आपल्या या वेड्याचे चरित्र आहे. वासारीला हा माणूस मुळीच आवडत नव्हता. तो त्याला उनाड, उधळ्या, अंगात कला असून मेहनत न करणारा म्हणतो. त्याच्या घरातल्या जनावरांची यादी मात्र तो अशी तपशिलाने देतो की वाचणाऱ्याला हसू यावे: बॅजर, खारी, माकडे, ठेंगणी गाढवे, शर्यतीचे घोडे, एल्बा बेटावरची तट्टे, बुटक्या कोंबड्या, आणि ज्यांना तो ‘इंडियाचे’ म्हणतो ते कवडेसुद्धा! हे सारे गोकुळ चित्रकाराच्या पायांत घुटमळत असे. त्याच्या डोमकावळ्याने तर धन्याचा आवाज इतका हुबेहूब उचलला होता की दारावर थाप पडली म्हणजे आतून कावळाच ओ देई आणि येणाऱ्याला घरधनीच बोलतो आहे असे वाटे. ते घर म्हणजे नोहाचे तारूच होते, असे वासारी लिहितो. टीका म्हणून लिहितो. पण तारवात जे होते ते देवाने वाचवलेले होते हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

हा वेडा काही साधुपुरुष नव्हता, हेही सांगितले पाहिजे. संत बेनेडिक्टचा द्वेष करणाऱ्या एका धर्मगुरूने मठवासीयांना मोहात पाडण्यासाठी स्त्रिया पाठवल्या, असा प्रसंग चरित्रात आहे. तो रंगवताना याने त्या स्त्रिया वस्त्रांविना नाचत असलेल्या काढल्या. मठाधिपती संतापले आणि ते चित्र भिंतीवर राहू देईनात. मग याने त्यांना कपडे रंगवून दिले. कामचुकारपणाबद्दल कोणी बोलले तर म्हणे, पैशाचा आवाज जसा येईल तसा माझा कुंचला नाचतो. म्हणजे मठाधिपतींना चित्रात काय खपवून घ्यावे आणि काय नाही याचा विवेक होता. जे अनुचित वाटले ते त्यांनी बदलायला लावले. पण वेड्याचा चेहरा, त्याचे बॅजर, त्याचा कावळा यांना त्यांनी हात लावला नाही. ते अनुचित आहेत असे त्यांना वाटले नाही.

“आम्ही या ओसरीतून प्रार्थनेला जातो,” म्हातारा वाटाड्या म्हणाला. “हा येथे उभा राहून पाहतो. त्याची सवय झाली आहे आम्हाला.”

मंडळी पुढल्या चित्राकडे गेली. मी मात्र अंगणाच्या कठड्यावर बसून राहिलो. कारण त्या माणसाच्या पायांशी बसलेली जनावरे पाहून माझ्या पोटात कालवाकालव सुरू झाली होती. असे एक चित्र मी पूर्वी पाहिले होते. आणि ते मी पुसून टाकले होते.

त्याला सात-आठ वर्षे झाली होती. पहिल्यांदाच एका धर्मग्रामाची स्वतंत्र जबाबदारी माझ्यावर आली होती. गावाच्या टोकाला, बावखलाच्या पलीकडे, केळीच्या बागेत एक पडके कौलारू घर होते. तेथे पासष्टीचे एक गृहस्थ एकटेच राहत. तारुण्यात मुंबईला सिनेमाचे मोठाले फलक हाताने रंगवण्याचे काम त्यांनी केले होते. छापील फलक आले, ते काम बुडाले आणि ते गावी परतले. त्यांच्या घरात चार कुत्री, काही मांजरे, तीन पायांवर चालणारी एक शेळी आणि पंख मोडलेला एक कावळा असा संसार होता. गावात त्यांना ‘वेडा पेंटर’ म्हणत. मी त्यांना काका म्हणत असे.

दरवर्षी नाताळच्या गव्हाणीमागचा पडदा तेच रंगवून देत. त्या वर्षी त्यांनी तो नव्याने करायचे ठरवले. पंधरा दिवस ते देवळाच्या मागच्या खोलीत काम करीत होते. पडदा टांगला तेव्हा मी थक्क झालो. बेथलेहेमच्या टेकड्या आमच्या तुंगारेश्वरच्या डोंगरासारख्या दिसत होत्या आणि आकाशातला प्रकाश खाली, बाळाच्या दिशेने झरत होता. मग जवळ जाऊन पाहिले. मेंढपाळांच्या घोळक्यात, सर्वांच्या मागे, काका स्वतः उभे होते. त्यांच्या पायांशी चारही कुत्री आणि खांद्यावर कावळा.

रविवारी मिस्सा संपल्यावर सात-आठ प्रतिष्ठित मंडळी माझ्या खोलीत आली. देवळात वेड्याची तसबीर लावायची काय? प्रभूच्या जन्माच्या चित्रात गावठी कुत्री? आणि कावळा, तो तर अशुभ! उद्या शेजारच्या गावाचे लोक हसतील. मी तरुण होतो, नवा होतो, आणि मंडळी देणग्या देणारी होती. मी काकांना बोलावून घेतले.

“काका, तेवढा भाग बदलून द्या.”

“का, फादर? मेंढपाळांबरोबर कुत्री नसतील काय?”

“आणि कावळा?”

“कावळा आगंतुक आहे. माझ्यासारखाच. पण उजेड दिसला की तोही येतोच ना?”

मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, “मी नाही पुसणार, फादर. देऊळ तुमच्या ताब्यात आहे, तुम्ही पुसून घ्या.” मी पाट्या रंगवणाऱ्या एका मुलाला बोलावले. त्याने काकांच्या जागी एक खडक काढला आणि कुत्र्यांच्या जागी झुडूप.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर काका गव्हाणीसमोर बराच वेळ उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, “खडक चांगला काढलाय पोरानं. फक्त त्याच्यावर उजेड उलट्या बाजूनं पडलाय.” एवढेच. रागाचा शब्द नाही.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी बरे झाले असते. धर्मग्रामाच्या मदतनिधीतून काही निराधारांना दरमहा तांदूळ दिला जाई. काकांचेही नाव त्या यादीत होते. उपवासकाळात कोणीतरी विषय काढला की गरिबांचा तांदूळ कुत्री खातात. मला कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातील एक परिच्छेद आठवला. माणसाच्या हालअपेष्टा दूर करण्यासाठी जे खर्च व्हायला हवे ते जनावरांवर उधळणे योग्य नव्हे, अशा अर्थाचा. मी तो काकांना ऐकवला आणि तांदूळ थांबवत असल्याचे सांगितले. ते म्हणाले, “मी माझ्या ताटातलं देतो, फादर. दुसऱ्याच्या नाही.” मला ते उत्तर उद्धट वाटले.

त्याच वर्षी पावसाळ्यात काका गेले. दफनाच्या दिवशी त्यांचे एक कुत्रे शवपेटीमागून दफनभूमीच्या फाटकापर्यंत आले. मी मिस्सेच्या सेवकाला खूण केली आणि त्याने ते हाकलले. प्रार्थना आटोपल्यावर त्यांच्या शेजारच्या बायने मला सांगितले, “फादर, तांदूळ बंद झाल्यावर बाबा एकदाच जेवत. आम्ही डबा दिला तर अर्धा स्वतः खात, अर्धा त्या मुक्यांना वाटत.” मी “देव त्यांना शांती देवो” असे काहीसे म्हणालो आणि निघून आलो. पुढे माझी बदली झाली. खरे म्हणजे ही गोष्ट मी विसरलो नव्हतो. तिच्यावरही मी एक खडक रंगवून घेतला होता.

मोंते ओलिव्हेतोच्या ओसरीत तो खडक गळून पडला. पलीकडचा वेडा माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्याआडून काका पाहत होते.

वाचकहो, त्या इटालियन चित्रकाराचे नाव मी अद्याप पुरते सांगितलेले नाही. कलेच्या इतिहासात तो ‘सोदोमा’ या टोपणनावाने ओळखला जातो. आपल्याकडच्या रीतीने सांगायचे तर ‘सदोमकर’. त्याच्या चालीरीतींवर बोट ठेवणारे हे नाव लोकांनी दिले आणि वासारीने ते ग्रंथात कोरून ठेवले. चित्रकाराने ते मनाला लावून घेतले नाही, उलट त्यावर गाणी रचून म्हटली. ते नाव कितपत खरे होते याची चर्चा विद्वान करोत. तो निवाडा देवाच्या दरबारातला आहे आणि तेथे आपली साक्ष कोणी मागितलेली नाही. पण सदोम नगराचे नाव निघालेच आहे तर यहेज्केल संदेष्ट्याचा सोळावा अध्याय उघडून पाहावा. सदोमचा अधर्म काय होता हे सांगताना संदेष्टा गर्व, अन्नाची सुबत्ता आणि निश्चिंत आराम यांची नावे घेतो, आणि एवढे सगळे असून तिने दीनदुबळ्यांना हात दिला नाही असे म्हणतो. या मापाने मोजले तर त्या वर्षी आमच्या गावात सदोमकर कोण होता? केळीच्या बागेतला पेंटर खासच नव्हता. तो धर्मगुरूंच्या निवासात, दोन वेळा पोटभर जेवून झोपत होता.

धर्मशिक्षणाचा तो परिच्छेद खोटा नाही. माणसाला उपाशी ठेवून जनावरांचे लाड करणारी श्रीमंती आज आपण आजूबाजूला पाहतोच. पण तो परिच्छेद मी अर्धाच वाचला होता. त्याच्या अगोदर त्याच ग्रंथात लिहिले आहे की प्राणी ही देवाची निर्मिती आहे, ती केवळ आपल्या असण्याने देवाचा गौरव करते, आणि माणूस त्यांच्या बाबतीत दयाळूपणाचा देणेकरी आहे. तेथे संत फ्रान्सिस आसिसीकर आणि संत फिलिप नेरी यांचे स्मरणही केलेले आहे. माझ्या इटलीच्या प्रवासानंतर पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आले. प्रत्येक जीवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, हे त्यातले प्रतिपादन मी वाचले तेव्हा मला नवीन काहीच वाटले नाही. एका निवृत्त पेंटरने ते मला आधीच पडद्यावर काढून दाखवले होते.

आणि कावळा अशुभ कसा? एलिया संदेष्टा ओहोळाकाठी लपला असता त्याला भाकरी आणून देणारे कावळेच होते. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना चिंता सोडण्याचा धडा देताना कावळ्यांकडे बोट दाखवले. खुद्द संत बेनेडिक्टला विष घातलेली भाकर पाठवण्यात आली तेव्हा ती चोचीत धरून दूर टाकून आला तोही रोज त्याच्या हातून घास खाणारा डोमकावळाच. त्या मठाच्या भिंतीवर संताचा कावळा आहे आणि वेड्याचाही कावळा आहे. मठवासीयांनी दोघांना जागा दिली. मी एकालाही दिली नाही.

भारतात परतल्यावर मी त्या जुन्या धर्मग्रामात गेलो. पडद्याची चौकशी केली. देवळाच्या डागडुजीच्या वेळी खुर्च्यांवर धूळ पडू नये म्हणून तो वापरला गेला आणि नंतर फेकून दिला, असे कळले. गव्हाणीमागे आता छापील चित्र लावतात. मनात आशा होती की रंगाचे पापुद्रे सुटून खाली कुत्र्याचा एखादा कान तरी दिसेल. तसे काही घडायचे नव्हते. ओल्या गिलाव्यात रंग मुरतो, कापडावरचा मुरत नाही. शेजारच्या बायकडे गेलो, तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “माझी कशाला मागता, फादर? बाबांनी तुमच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही.” हे ऐकणे शिक्षेहून जड गेले.

मला नेहमी वाटते, त्या इटालियन वेड्याने उभे राहायला नेमका तोच प्रसंग निवडला हे किती छान झाले. त्याच्यापुढे संताचे सारे आयुष्य होते. पण तो आपल्या मुक्या परिवारासह उभा राहिला तो एका गरीब बाईचे मोडलेले सूप सांधले जाते तेथे. मोडके, लंगडे, पंख तुटलेले जेथे सांधले जाते त्या जागेच्या आसपास अशी माणसे आणि अशी जनावरे जमायचीच. आपण धर्मगुरूंनी आणि प्रतिष्ठित भाविकांनी दार अडवले नाही म्हणजे पुरे.

सोदोमाचा शेवट १५४९ साली सिएनात झाला. वासारी सांगतो की इस्पितळात आणि दारिद्र्यात. त्याच वासारीने कौतुकाने गौरवलेल्या कित्येक शिस्तशीर चित्रकारांचे चेहरे आज कोणाला ठाऊक नाहीत. वेड्याचा चेहरा मात्र मठाच्या ओसरीत टिकून आहे.

माझ्या हातून जे मोडले ते सांधण्याइतका मी संत नाही. आता ज्या धर्मग्रामात असेन तेथे नाताळच्या गव्हाणीत मेंढपाळांच्या मागे मातीचे एक गावठी कुत्रे ठेवतो आणि गोठ्याच्या आढ्यावर एक कावळा. मुले विचारतात, “फादर, हा कावळा कशाला?” मी सांगतो, “उजेड दिसला म्हणून आला आहे.” मग दिवा कोणत्या बाजूला लावायचा हे मी त्यांनाच ठरवू देतो, आणि तो उलट्या बाजूने तर पडत नाही ना, एवढे दोनदा पाहून घेतो.